भीतीचा अर्थ कोण लावतं?

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या वडवणी तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. मुकादम ऊसतोड टोळीची नावं घेतो. सहा महिन्यांचं धान्य, भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरं असा सगळा संसार ट्रॉलीत चढतो. निघण्याआधी घरातली म्हातारी ट्रॅक्टरला हळदकुंकू लावते, नारळ फुटतो, चाकाखाली लिंबू जातं. बोनेटपुढे काळी बाहुली लोंबत असते. त्या लिंबाला नावं ठेवावीत असं मला कधी वाटलं नाही. परक्या मुलखात, कोयता हातात घेऊन, उघड्यावरच्या कोपीत सहा महिने काढायचे असतील तर माणूस कशाचा तरी आधार धरणारच. मात्र ही माणसं ज्या उसात शिरतात, त्याच उसात मराठीतला एक अस्सल भयपट घडतो, आणि त्याचा धागा पकडला की श्रद्धा आणि धोका यांचं नातं उलगडत जातं.

तो चित्रपट म्हणजे विशाल फुरिया दिग्दर्शित 'लपाछपी'. २०१७ साली तो चित्रपटगृहांत आला आणि पुढे फुरियांनीच २०२१ मध्ये 'छोरी' नावाने तो हिंदीत केला. नेहा (पूजा सावंत) आठ महिन्यांची गरोदर आहे. नवऱ्याच्या डोक्यावर कर्ज, वसुलीवाले मागे लागलेले, म्हणून दोघं ड्रायव्हर भाऊरावाच्या गावी लपायला येतात. घर चहूबाजूंनी उसात. भाऊरावाची बायको तुळसाबाई (उषा नाईक) नेहाची काळजी घेते, तिला खाऊपिऊ घालते आणि काय करायचं, काय करायचं नाही तेही बजावून सांगते. मग उसातून पोरांचे आवाज येऊ लागतात.

ऊस ज्यांनी तोडलाय त्यांना हे घर दाखवायची गरज नाही. पीक दहा-बारा फुटांवर गेलं की चहूकडचं रान दिसेनासं होतं. चार सऱ्यांपलीकडचा माणूस ऐकू येतो, पण दिसत नाही. पाचट पायाखाली करकरतं, पात हाताला कापते, आणि वारा नसतानाही आत काहीतरी सळसळत राहतं. बहुतेक भयपटांना अंधार लागतो. 'लपाछपी'चं बरंचसं भय भर दुपारच्या उन्हात घडतं, आणि ते जमतं ते उसामुळे. पण हा चित्रपट बीड जिल्ह्यातल्या माणसाच्या काळजाला भिडतो तो उसामुळे नव्हे. त्या घरातली खरी दहशत मेलेल्यांची नाही. मुलगी नको म्हणणाऱ्या जिवंत माणसांची आहे. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे जेमतेम आठशेच्या आसपास मुली मोजल्या गेल्या. दहा वर्षांपूर्वी हाच आकडा ८९४ होता. राज्यात सगळ्यात खाली आपण होतो. २०१२ मध्ये परळीत बेकायदा गर्भपाताच्या वेळी एका बाईचा जीव गेला आणि सगळ्या देशाने या जिल्ह्याचं नाव ऐकलं. पडद्यावर उसातून खेळायला हाका मारणारी ती पोरं कुठून आली, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

श्रद्धेभोवती फिरणाऱ्या मानसशास्त्रीय भयपटांची मांडणी बारकाईने पाहिली, तर त्यात एक माणूस हटकून सापडतो. कुणीतरी घाबरलेलं असतं, काहीतरी विपरीत घडलेलं असतं, आणि 'हे असं का झालं ते मला ठाऊक आहे' असं सांगणारा तिसरा जण मध्ये येतो. भूत असो वा नसो, हा अर्थ सांगणारा असतोच. रोमन पोलान्स्कीच्या 'रोझमेरीज बेबी' (१९६८) मध्ये ती जागा गरोदर बाईभोवती जमलेल्या प्रेमळ शेजाऱ्यांनी आणि त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांनी घेतली आहे. रोझ ग्लासच्या 'सेंट मॉड'मध्ये देव आपल्याशी बोलतो असं मानणारी एक नर्स स्वतःच स्वतःची अर्थ लावणारी होऊन बसते. २०२४ मध्ये आलेल्या 'हेरेटिक'मध्ये तर धर्मप्रसाराला निघालेल्या दोन तरुण मुली एका गृहस्थाच्या घरात अडकतात. ह्यू ग्रँटने साकारलेला हा गृहस्थ जगातल्या सगळ्या धर्मांवर त्यांच्याशी गोड बोलत वाद घालतो आणि त्या बोलण्यातूनच सापळा आवळत नेतो. तो आस्तिक की नास्तिक, या प्रश्नाला तिथे फारसं महत्त्व उरत नाही. 'तुमच्या श्रद्धेचा खरा अर्थ तुमच्यापेक्षा मला जास्त कळतो' हा त्याचा दावा, आणि सारा धोका त्या दाव्यात आहे. 'लपाछपी'तली तुळसाबाईही हेच करते. तिच्याजवळ प्रत्येक आवाजाचं उत्तर तयार असतं.

हे सगळं कल्पनेतलं वाटत असेल तर वडवणीहून पूर्वेला निघा. माजलगाव मागे टाकलं, ढालेगावपाशी गोदावरी ओलांडली की परभणी जिल्हा लागतो. पाथरीच्या पुढे मानवत. १४ नोव्हेंबर १९७२ ते ४ जानेवारी १९७४ या काळात या बाजारपेठेच्या गावाच्या परिसरात दहा खून झाले. मारल्या गेलेल्या सगळ्या मुली आणि बाया होत्या, त्यातल्या काही दहा-अकरा वर्षांच्या. एक तान्हं बाळही त्यात गेलं. १९७२ हे दुष्काळाचं साल. विहिरी आटलेल्या, माणसं खडी फोडायच्या कामावर, आणि त्यात पोरी नाहीशा होऊ लागलेल्या. बाया पाण्याला एकट्या जाईनात. अफवांना ऊत आला होता.

स्थानिक पातळीवर तपास अडला, तेव्हा मुंबईच्या गुन्हे शाखेतल्या रमाकांत कुलकर्णी यांना इकडे आणलं गेलं. साखळी खुनी रामन राघवच्या प्रकरणामुळे त्यांचं नाव तेव्हा सर्वांना माहीत झालेलं होतं. तपासातून पोलिसांनी मांडलेली गोष्ट अशी होती: गुप्तधन सापडावं आणि मूल व्हावं म्हणून हे बळी देण्यात आले. मुख्य आरोपी म्हणून रुक्मिणी ही पारधी समाजातली बाई आणि गावच्या नगरपालिकेचे माजी अध्यक्ष उत्तमराव बारहाते यांची नावं पुढे आली. प्रत्यक्ष खून करणारे हात दुसऱ्यांचे होते. खटला परभणीला चालला, फाशीच्या शिक्षा झाल्या. पुढे वरच्या न्यायालयात पुराव्याअभावी रुक्मिणी आणि उत्तमराव दोघंही निर्दोष सुटले, इतर काहींच्या शिक्षा कायम राहिल्या. सर्वोच्च न्यायालयाचा १९७७ चा निकाल आजही वकील माफीच्या साक्षीदाराच्या जबानीवर किती भरवसा ठेवायचा या मुद्द्यासाठी काढतात. मानवतची कहाणी सांगणारे पुष्कळ जण ती अटकेपाशीच संपवतात, म्हणून निकाल इथे नीट सांगितला.

या घटनेवर अमोल पालेकरांनी १९८१ मध्ये 'आक्रीत' केला. दिग्दर्शक म्हणून त्यांचा हा पहिला चित्रपट. पटकथा विजय तेंडुलकरांची. 'रजनीगंधा' आणि 'छोटी सी बात'मधून घराघरांत पोचलेला साधा, बुजरा माणूस इथे मुकुटराव होतो. गावावर वचक असलेला, आतून हावरा, आणि तरीही बाहेरून आपल्या ओळखीचा वाटावा असा. त्याची सोबतीण रुही चित्रा पालेकरांनी उभी केली. 'आक्रीत' हा रूढ अर्थाने भयपट नाही. त्यात एकही भूत नाही, दचकवणारं संगीत नाही. पण मराठीत श्रद्धा आणि धोका यांविषयी इतकं थंड डोक्याने बोललेलं दुसरं काही मला आठवत नाही. देव खरा की खोटा, मंत्र चालतो की नाही, यात तेंडुलकर अडकतच नाहीत. एक बळी देऊन काहीही हाती लागलं नाही, तर माणसाने भानावर यायला हवं. इथे होतं उलटं. फळ मिळालं नाही, म्हणजे विधीत काहीतरी राहिलं, म्हणजे आणखी एक. अपयश हाच पुढच्या पायरीचा पुरावा ठरतो. अशा विचाराला बाहेरून कितीही सत्य दाखवा, त्यातून तो आणखी घट्टच होतो. पडद्यावर हे पाहताना जी भीती वाटते, ती या न थांबणाऱ्या हिशेबाची असते.

२०२४ मध्ये याच घटनेवर 'मानवत मर्डर्स' ही मालिका आली. आशिष बेंडे यांनी दिग्दर्शित केलेल्या या मालिकेत आशुतोष गोवारीकर कुलकर्णींच्या भूमिकेत आहेत. मालिका तपासाच्या बाजूने चालते आणि चांगली चालते. माझी तक्रार मालिकेपुरती नाही, या प्रकारच्या सगळ्याच कथांविषयी आहे. भय दाखवायचं म्हटलं की चेहरा बाईचा निवडला जातो. तुळसाबाई, रुही, मानवतची रुक्मिणी, आणि पुढे ज्या चित्रपटाविषयी सांगणार आहे त्यातली गंगुती. त्यातही ती पारधी असेल तर तिच्या नुसत्या असण्यालाच लोक घाबरायला तयार असतात. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. तो शिक्का कागदावरून पुसला गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला, पण बीड-परभणीच्या शिवारात चोरी झाली की आजही पहिली नजर पालाकडे जाते. भयपटाने ही तयार भीती उसनी घेतली तर काम सोपं होतं, आणि ज्यांच्या वाट्याला ती येते त्यांचं जगणं तेवढं अवघड होतं. 'आक्रीत'चं मोठेपण मला यात दिसतं की त्यात सत्ता कुणाच्या हातात आहे हे कॅमेरा विसरत नाही.

आता मुळाशी जाऊ. भीती शरीरात शिरते तरी कशी? वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९४२ मध्ये एक लेख लिहिला. आपल्यावर मंत्र टाकला गेलाय, आता आपण वाचत नाही, असं मनोमन पटलेली धडधाकट माणसं खरोखर खंगून मरतात, अशा नोंदी त्याने वेगवेगळ्या समाजांतून गोळा केल्या होत्या. त्याने सुचवलेलं कारण असं: संकट दिसलं की शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होतं, नाडी वाढते, रक्तदाब चढतो, भूक-तहान मरते. संकट टळलं की सगळं पूर्वपदावर येतं. पण संकट मनातच ठाण मांडून बसलं तर शरीराला सुटका मिळत नाही. त्यात शेजारपाजारचे, घरचेही 'हा आता गेला' असं धरून वागू लागले, तर त्या माणसाजवळचा शेवटचा आधारही सुटतो. कॅननच्या सगळ्या नोंदी पुढच्या संशोधकांनी जशाच्या तशा स्वीकारल्या नाहीत. मात्र अपायाच्या नुसत्या अपेक्षेने अपाय होतो, ही गोष्ट औषधांच्या चाचण्यांत वारंवार दिसली आहे. साधी साखरेची गोळी दिली, पण 'हिच्याने मळमळ होऊ शकते' असं सांगितलं, तर काहींना खरंच मळमळतं. त्याला नोसिबो म्हणतात. त्यात ढोंग नसतं, मळमळ खरी असते.

आणखी एक अनुभव जवळजवळ प्रत्येक गावात ऐकायला मिळतो. पहाटे जाग येते, डोळे उघडे असतात, पण हातपाय हलत नाहीत. छातीवर कुणीतरी बसलंय, श्वास कोंडलाय, कोपऱ्यात कुणीतरी उभं आहे. ओरडावं तर आवाज फुटत नाही. मुंजाने दाबलं, असं घरचे सांगतात. स्वप्नं पडतात त्या झोपेत मेंदू शरीराचे स्नायू सैल सोडून देतो, नाहीतर आपण स्वप्नात पळताना खरोखर उठून पळालो असतो. कधीकधी जाग आधी येते आणि स्नायू नंतर सुटतात. मधल्या त्या काही क्षणांत स्वप्न उघड्या डोळ्यांसमोर चालू राहतं. जागरण, अवेळी झोप, पाठीवर झोपणं, मनावरचा ताण यांनी हे वाढतं. पहाटे तीनला उठून फडात जाणाऱ्या, रात्री-बेरात्री गाडी भरणाऱ्या टोळीत ते होणारच. अनुभव शंभर टक्के खरा असतो. मुंजा मात्र नंतर येतो, म्हणजे सकाळी कुणीतरी त्या अनुभवाला ते नाव देतं तेव्हा.

इथेच 'जारण' आठवतो. जून २०२५ मध्ये आलेला, हृषीकेश गुप्ते यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला हा चित्रपट. गुप्ते मूळचे भयकथाकार. अमृता सुभाष राधाच्या भूमिकेत आहेत, अनिता दाते गंगुती होतात. लहानपणी आपल्यावर जारण झालं ही गाठ राधाच्या मनात कायमची बसली आहे, आणि मोठेपणी जुन्या घरात परतल्यावर ती गाठ पुन्हा दुखू लागते. करणी खरी, की राधाचं मन तिच्याच आठवणींनी पोखरलेलं? चित्रपट बराच काळ प्रेक्षकाला दोन्हींमध्ये झुलवत ठेवतो. अमृता सुभाष यांनी हे झुलणं अंगात मुरवलंय. एका क्षणी वाटतं, हिला कुणीतरी उचलून दवाखान्यात न्या. पुढच्या क्षणी वाटतं, नको, त्या कपाटाला हात लावू नका. आपण स्वतःला कितीही शहाणे समजत असलो तरी हा दुसरा विचार आपल्या मनात येतो. हा प्रामाणिक धक्का मला मोलाचा वाटतो.

मराठवाड्याने हा चित्रपट प्रत्यक्षात वर्षानुवर्षं पाहिलाय, भानामतीच्या नावाने. वाळत घातलेल्या कपड्यांना आग लागते, अंगावर फुल्या उमटतात, डोळ्यांतून खडे पडतात, जेवणाच्या ताटात घाण येते. कुठे बाया घुमायला लागतात, कुत्र्यासारख्या भुंकतात. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अशा घरांत जाऊन राहिले, बोलले, प्रत्येक प्रकार कधी आणि कुणाच्या आसपास घडतो ते टिपत गेले. बहुतेक वेळा धागा घरातल्याच कुणाशी तरी जाऊन मिळायचा: शाळा सुटलेली पोर, सासरी कोंडमारा झालेली सून, मनाविरुद्ध लग्न ठरलेली मुलगी. तोंडाने बोलता येत नव्हतं ते तिने असं सांगितलेलं असायचं. समितीने अशा व्यक्तीचं नाव गावात न फोडण्याची शिस्त पाळली. मुलीला बाजूला घेऊन बोलायचं, घरच्यांना तिचं दुखणं समजावायचं, गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचं. समितीचे नरेंद्र दाभोलकर स्वतः डॉक्टर होते, त्यामुळे त्यांच्या लेखी ती आधी रुग्ण होती.

२० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात दाभोलकरांची गोळ्या घालून हत्या झाली. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते जवळपास दोन दशकं झगडत होते, त्याचा वटहुकूम काही दिवसांत निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. त्याला जोडलेली अनुसूची एकदा वाचून पाहाच. बारा कलमं आहेत आणि वर सांगितलेले सगळे चित्रपट त्यांत सापडतात. गुप्तधनाच्या शोधात अघोरी कृत्य किंवा नरबळी, हे मानवत. पोटातल्या गर्भाचं लिंग बदलून देतो असा दावा, हे 'लपाछपी'च्या घरात शोभणारं. भूत उतरवायच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारहाण, मिरचीची धुरी, चटके, हे जारण-भानामतीच्या वाटेवरचं. साप-विंचू चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करणंही त्यात आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच ते पन्नास हजार. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र.

याच कायद्यात एक कलम असंही आहे, जे विरोध करणाऱ्यांनी फारसं वाचलेलं दिसत नाही. वारी, यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन, हरिपाठ, घरचे सणवार, यांपैकी कशालाही हा कायदा लागू नाही. बीड जिल्ह्याला याचं महत्त्व अधिक. परळीचा वैजनाथ, अंबाजोगाईची योगेश्वरी, भगवानगड, नारायणगड, कपिलधार. इथल्या माणसाचा पाय कुठल्या ना कुठल्या गडाकडे वळलेला असतोच. सप्ताहात पंगतीला बसलेल्या बाईला तिथे जो दिलासा मिळतो तो कुणी हिरावून घेऊ नये. सप्ताहाला जाऊन मन हलकं होतं, मांत्रिकाच्या दारी जाऊन मन जखडतं. पहिल्या ठिकाणाहून माणूस कधीही उठून घरी येऊ शकतो. दुसऱ्या ठिकाणी 'सोडून गेलास तर वाटोळं होईल' अशी ताकीद मिळते. मला यापेक्षा चांगली कसोटी सापडलेली नाही.

आणि अर्थ लावणारा दरवेळी भगवे किंवा काळे कपडेच घालतो असं नाही. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी झाली. पाहणीतल्या ८२ हजारांहून अधिक बायांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यांत पंचविशी-तिशीतल्या बाया पुष्कळ. अनेकींनी सांगितलं ते कारण जवळपास सारखंच होतं. अंगावरून जातंय, पोटात दुखतंय म्हणून त्या खासगी दवाखान्यात गेल्या, तिथे त्यांना सांगण्यात आलं की पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल. उचल घेतलेली, एक दिवस खाडा पडला की मुकादम दंड लावणार, पाळीतही फडात उभं राहावं लागणार. तशात कुणीतरी शिकल्या-सवरल्या माणसाने तुमच्या भीतीला एक नाव दिलं, त्यावर एकच उपाय सांगितला आणि तो आत्ताच करायला हवा असं बजावलं, तर नाही कोण म्हणेल?

उसावरचा पुढचा भयपट कुणी लिहीत असेल तर त्याने इथे यावं. भुताची गरज पडणार नाही. टेबलावरची सोनोग्राफीची फाईल आहे, कोपीत विस्तवाजवळ बसून तिचा कागद उलटा धरून पाहणारी तिशीची बाई आहे, तिला तो कागद वाचून दाखवणारा तिचा सातवीतला मुलगा आहे. 'कॅन्सर' हा शब्द त्याला कुठेच सापडत नाही. आणि मुकादम बाहेरून हाक मारतोय, गाडी भरायची आहे.